ओल्या मालावरची सावली

त्या घरात सकाळी सगळ्यात आधी काय उठत असेल तर थोरलीच्या कपाळावरची आठी. थोरली स्वतः तिच्यानंतर उठायची.

त्या दिवशी ती उठली तेव्हा मागच्या खोलीत स्टोव्ह पेटलेला होता. तिची मुलगी, जिला तिनं जन्म दिला, जिच्या गोवरात ती रात्र रात्र मांडी हलवत बसली, ती मुलगी काकूच्या पुढ्यात बसून वेण्या घालून घेत होती. काकू काहीतरी पुटपुटली आणि पोरगी खुदकन हसली. एवढंच झालं. पण थोरलीच्या पोटात जे दुखलं ते कुठल्या डॉक्टरच्या औषधानं थांबण्यातलं नव्हतं.

"शाळेत निघालीस की लग्नाला? इतका वेळ वेण्या?" ती दारातूनच म्हणाली.

"काकू घट्ट घालते. तू घातलेल्या दुपारीच सुटतात," मुलगी म्हणाली. मुलं खरं बोलतात, आणि खरं कधी बोलू नये हे त्यांना कळत नाही.

काकूनं, म्हणजे धाकटीनं, रिबिनीची गाठ मारली, स्टोव्हवरची मोठी किटली उतरवली आणि उंबरठ्याच्या आत ठेवली. थोरलीनं ती बाहेरून उचलली. रोज असंच चालायचं. उंबरठ्याच्या आत असेपर्यंत चहा धाकटीचा असायचा, बाहेर आला की थोरलीचा व्हायचा. खाली भिंतीवर राबणारी गँग तो चहा पिऊन म्हणायची, मुकादमीणबाईंच्या हाताला काय चव आहे. मुकादमीणबाई मान तिरकी करून म्हणायच्या, "असू दे, असू दे."

घर म्हणजे रेल्वेनं दिलेल्या तीन खोल्या, टेकडीच्या पोटाशी. पुढच्या दारातून उतरलं की रूळ, रुळांपलीकडे समुद्राची भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. गाडी गेली की फडताळातल्या बश्या वाजायच्या, पण घरच्यांना ते ऐकूही यायचं नाही, इतकी सवय झाली होती. मग ते मोठं वादळ आलं. समुद्रानं वळणावरची भिंत खाल्ली, रुळांखालची खडी आणि माती ओढून नेली. रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहिले, जशी कुणी दोन खिळ्यांना दोरीची शिडी टांगून ठेवावी. बश्या गप्प झाल्या. प्रवासी वळणाच्या अलीकडेच उतरून, डोक्यावर ट्रंका घेऊन, टेकडीच्या पायवाटेनं धापा टाकत पलीकडची गाडी गाठू लागले.

भिंत पुन्हा उभी करायची होती, आणि ती करणाऱ्या गँगचा मुकादम म्हणजे थोरलीचा नवरा. भला माणूस, पण तोंड उघडायला सुट्टीचा दिवस लागायचा. धाकटी ही त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गवंडी होता. वादळाच्या कितीतरी आधी छातीच्या दुखण्यानं अंथरुणातच गेला. तेव्हा कुणी त्याच्या बायकोच्या सावलीचं नाव काढलं नाही. सावलीचं निघालं ते भिंतीचं काम निघाल्यावर.

कारण या गँगमध्ये एक रीत होती. कुणी लावली, कधी लावली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती मोडायची कुणाची छाती होत नव्हती. रीत अशी की माल ओतण्यासाठी भिंतीला पहिली फळी लागल्यापासून घरातल्या विधवेनं समुद्राच्या अंगाला यायचं नाही. दारात नाही आणि खिडकीतही नाही. ओल्या मालावर तिची सावली पडली तर माल धरत नाही, सिमेंटचा चिखल होतो आणि भिंत समुद्रात जाते. वरून पहिलं इंजिन जाईपर्यंत तिनं मागच्या खोलीत राहायचं. दुसऱ्या घरांतल्या विधवा तेवढे महिने नातेवाइकांकडे जाऊन राहिल्या होत्या. धाकटीला माहेर उरलं नव्हतं. मागच्या खोलीची बाजूची एक खिडकी वळणावर उघडायची. तिच्यावर गोणपाट ठोकलं, कडा शिवून टाकल्या आणि धाकटीला आत ठेवलं. परसात जायला मागचं दार तेवढं उघडं होतं, कारण परसातून फक्त टेकडी दिसते, आणि धुणं धुवायला तर कुणीतरी लागतंच.

गोणपाट शिवलं थोरलीनं. दुहेरी शिवलं. दाभण दिलं सासूनं.

सासू स्वतः विधवा होती. पण मुलगा मुकादम झाला की आईची सावली भिंतीला चालते, असंही त्या रीतीतच होतं. मोठ्या माणसाच्या दाराशी आली की रीत अशी वाकून आत येते. मुलगा लहान होता तेव्हा मात्र म्हातारीनं याच खोलीत, अशाच गोणपाटामागे, भिंतीचं एक अख्खं काम काढलं होतं. ती ते अभिमानानं सांगायची. "मी उजेड मागितला नाही कधी. आताच्या मुलींना सगळं मोकळं लागतं."

थोरलीला रीतीची फार चाड होती असं कुणी समजू नये. तिला चाड होती ती वेगळ्याच गोष्टीची. धाकटी दिसायला उजवी, आवाजानं गोड, हातानं चवदार. बाजारातून थोरली लाल शाल आणायची आणि धाकटीच्या अंगावरची जुनी करडी शालच लोकांच्या नजरेत भरायची. मत्सराला चारचौघांत उघडं फिरता येत नाही, त्याला अंगात घालायला काहीतरी लागतं. रीतीचा अंगरखा त्याला असा मापात बसतो, जसा शिंप्यानं उभं करून बेतलेला.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे संध्याकाळची वेळ. मुकादम कामावरून यायचा, पाय धुवायचा, आणि मागच्या खोलीच्या दाराबाहेर पाटावर बसायचा. दार अर्धं लोटलेलं. आत धाकटी, बाहेर तो. काय बोलायचे ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं नाही. पण अधूनमधून मुकादम हसायचा. ज्या माणसाला हसवायला थोरलीला इतक्या वर्षांत एकदा जमलं होतं, तेही ती पाय घसरून पडली म्हणून, तो माणूस लोटलेल्या दाराशी बसून हसायचा. थोरली भांड्यांवर राख अशी घासायची की भांडी झिजावीत.

"काय एवढं बोलायचं असतं हो?" तिनं एकदा विचारलंच.

"काही नाही. भिंतीचं," तो म्हणाला.

"भिंतीचं मला नाही सांगत कधी."

"तू कुठे विचारतेस?"

खरं म्हणजे ते दोघं मेलेल्या भावाबद्दल बोलायचे. तो कोपरा कसा काढायचा, थापी हरवली की सगळ्या जगाला कशा शिव्या द्यायचा, आणि थापी त्याच्याच खिशात कशी निघायची. त्या घरात त्याची आठवण काढायला दोघांनाच वेळ होता. थोरली पाट घेऊन तिथे बसली असती तर तिलाही हसू आलं असतं. पण संशयानं कान भरलेले असले की ऐकू येत नाही.

भिंतीचं शेवटचं भगदाड बुजवायचं राहिलं होतं, नेमकं वळणावरचं. वरच्या कचेरीतून रोज निरोप यायचा, गाडी कधी सोडता. उधाणाची भरती जवळ आली होती. फळ्या लागल्या, सळया बांधल्या आणि एका दुपारी मुकादमानं माल ओतायला घेतला. घरी निरोप आला की आज उशीर होईल, संध्याकाळचा चहा नको.

चहा नको, या शब्दांवर थोरली अडकली. उन्हं उतरली तरी तो आला नाही. तिनं मागच्या खोलीत डोकावलं. स्टोव्ह थंड होता. धाकटी नव्हती. खुंटीला करडी शाल तेवढी लटकत होती.

धाकटी परसाच्या टोकाला नळावर चादरी पिळत होती. तिथवर चालत जाऊन बघायला थोरलीला फार वेळ लागला नसता. पण तिच्या डोळ्यांसमोर आधीच चित्र उभं होतं: भिंतीच्या आडोशाला ते दोघं, आणि नवरा हसतोय. तिनं बाहेर पडताना स्वतःची लाल शाल उचलली आणि परत ठेवली. लाल रंग लांबून ओळखू येतो. मुकादमाची बायको नवऱ्यावर नजर ठेवायला रुळांतून धावत गेली, हे गँगला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिनं खुंटीची करडी शाल ओढून डोक्यावरून घेतली. आपण ओळखू येणार नाही एवढंच तिच्या मनात होतं. आपण दुसरंच कुणी म्हणून ओळखल्या जाऊ, हे तिच्या मनात आलं नाही.

खडीवरून ठेचकाळत ती वळणावर पोचली. मुकादम एकटाच होता. गँग टूल ठेवायला झोपडीकडे गेली होती. तो ओल्या भिंतीशी उभा होता, आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा त्याचा हात फळीवर होता. तो समुद्राकडे बघत होता. आडोशाला कुणी नव्हतं. थोरलीचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ शरमेनं कानशिलं तापली. इतक्यात मागून रुळांवर ट्रॉली खडखडली. ट्रॉलीवरच्या बत्तीचा उजेड तिच्या पाठीवर आला आणि तिची सावली लांबलचक होऊन फळ्यांमधल्या ओल्या मालावर पडली. ती वळून न बघता टेकडीच्या अंगानं पळाली.

ट्रॉलीवर ढब्बू होता. गँगमधला सगळ्यात जुना माणूस, पोटावरून नाव पडलेला. त्यानं पाठ बघितली. करडी शाल बघितली.

घरी थोरली शाल खुंटीला लावत होती तेव्हा धाकटी ओल्या चादरी खांद्यावर टाकून आत आली.

"ताई, शाल ओली कशी?"

"परसात गेले होते. दव पडलंय."

धाकटीनं शालीची कड हातात घेतली. तिच्यात सिमेंटचा एक खडा अडकला होता. गवंड्याच्या बायकोला सिमेंट ओळखायला चष्मा लागत नाही. तिनं तो नखानं काढला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चादरी वाळत घालायला गेली.

पहाटे उधाण चढलं. उजाडलं तेव्हा वळणावर फळ्या नव्हत्या आणि कालचा मालही नव्हता. वाकलेल्या सळया तेवढ्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या.

गँग घरासमोर जमली. ढब्बू पुढे होता.

"मुकादम, सांगायला जीभ रेटत नाही, पण या डोळ्यांनी बघितलं. काल ती खाली आली होती. करडी शाल. माझ्या बत्तीत तिची सावली मालावर पडली."

"नीट बघितलंस?" म्हातारीनं विचारलं.

"तोंड नाही दिसलं. पण शाल दिसली. ती शाल दुसरं कोण घालतं?"

म्हातारी आत वळून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंस का ग? घर बुडवलंस."

आतून उत्तर आलं नाही.

गँगचं म्हणणं सरळ होतं. ती या घरात असेपर्यंत कुणी फळीला हात लावणार नाही. खाडीपलीकडे निराधार बायकांचं एक घर होतं. तिथे बायका सुतळी वळायच्या आणि फाटकाबाहेर यायच्या नाहीत. खडी आणणारी लॉरी दुपारी परत जायची, तिच्यात तिला बसवून द्यायची. मुकादमानं सगळं ऐकलं. आपल्या हातांच्या तळव्यांकडे बघितलं. "बघतो," म्हणाला. त्या घरात 'बघतो' म्हणजे 'होय' हे सगळ्यांना माहीत होतं.

आता खोटं कशाला बोलायचं, थोरलीला आनंद झाला. उकळ्या फुटाव्यात असा झाला. तिला तोंड उघडायचीही गरज नव्हती. ती गप्प राहिली की मुलीच्या वेण्या तिच्या, किटली तिची, संध्याकाळ तिची. ती ट्रंक घेऊन मागच्या खोलीत गेली, सामान भरायला मदत करते म्हणून. दुसऱ्याला घालवताना माणसाला भारी मदत करावीशी वाटते.

गोणपाट ठोकल्यापासून ती खोलीत आत अशी आली नव्हती. उंबरठ्यावरूनच किटली घ्यायची आणि दारातून डोकवायची. आज आत बसली आणि तिला पहिल्यांदा दिसलं की दिवसाढवळ्या खोलीत ट्रंकेची कडी शोधायला चाचपावं लागतं. भिंतीला ओल धरली होती. तिनं खिडकीकडे बघितलं. दुहेरी गोणपाट, तिच्याच हातचे टाके. ती जवळ गेली आणि बोटानं कडा तपासू लागली. तिला खात्री होती, कुठेतरी भोक असणार. एखादा धागा सरकवलेला असणार. पलीकडे एवढा समुद्र आहे, कोण बघितल्याशिवाय राहील? आपण तर पहिल्याच दिवशी भोक पाडलं असतं.

एकही धागा सरकला नव्हता.

कट्ट्यावर मात्र सिमेंटचा तो खडा होता. थोरलीचं बोट त्याला लागलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"हो," धाकटी घडी घालत म्हणाली.

"मग बाहेर बोलली का नाहीस? ती मी नव्हते, एवढंच म्हणायचं. माझं नाव घ्यायची पण गरज नव्हती."

धाकटीनं घडी खाली ठेवली. "ताई, ती मी नव्हते असं म्हटलं असतं, तर मी असते तर भिंत पडली असती, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मी नाही म्हणणार. लॉरीत घालतील, घालू देत. खोलीत कोंडलं तेव्हा गेले, कारण पोटाला भात इथे होता. पण माझ्या सावलीनं भिंत पडते हे माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही."

हे असं आपल्याला का सुचत नाही, हा थोरलीचा पहिला विचार. आणि लगेच दुसरा विचार आला. ही गेली तर संपलं. सडपातळ, गोड, चवदार, आणि आता वर मान ताठ. मुलगी रोज वेणी घालताना रडेल. नवरा रोज संध्याकाळी लोटलेल्या दाराकडे बघत बसेल. घरात असलेल्या बाईशी भांडता येतं, तिच्या भातात खडा काढता येतो. लॉरीतून गेलेल्या बाईचं काय काढणार? ती दिवसेंदिवस मोठीच होत जाणार, आणि आपण इथे, तोंड दाबून बसलेल्या, दिवसेंदिवस लहान.

"नाही," थोरली म्हणाली. "एवढं मोठं मी तुला होऊ देणार नाही."

"काय?"

"शाल दे."

दुपारी लॉरी येऊन उभी राहिली. गँग जमली होती. मुकादम घराकडे पाठ करून उभा होता. दारातून करडी शाल डोक्यावरून घेतलेली बाई बाहेर आली आणि गँग दोन पावलं मागे सरली. म्हातारीनं तोंड फिरवलं. बाई सरळ ढब्बूसमोर गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"नीट बघ, ढब्बू. काल पाठ बघितलीस ना? हीच का?"

"हीच," ढब्बू म्हणाला. "अगदी हीच. शपथेवर सांगतो."

थोरलीनं शाल खाली घेतली आणि वळली.

लॉरीच्या ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानं इंजिन बंद केलं.

"वहिनी, तुम्ही?" ढब्बूनं विचारलं. "तुम्ही कशाला गेला होता तिथे?"

हाच प्रश्न येणार हे थोरलीला माहीत होतं. याच प्रश्नापायी तिनं लाल शाल घरी ठेवली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो वळला होता.

"नवरा कुणाबरोबर आहे ते बघायला," ती म्हणाली. "मला वाटलं, हिच्याबरोबर आहे. नव्हता. एकटाच उभा होता. झालं समाधान सगळ्यांचं? आता मला बसवा लॉरीत."

मागे कुणीतरी खोकलं. ढब्बू घाईघाईनं म्हणाला, "नाही नाही, वहिनी, तुमचं वेगळं. मुकादम जिवंत आहेत, देव करो शंभर वर्षं जगोत. तुमच्या सावलीनं काही होत नसतं."

"बरं. माझ्या सावलीनं होत नाही. आणि हिची पडलीच नाही. मग भिंत कशानं गेली?"

लाटा तेवढ्या सळयांवर आपटत होत्या.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगा. काल फळीवर हात ठेवून कुणाची वाट बघत होता?"

मुकादमाला बोलायला सुट्टीचा दिवस लागायचा, आणि आज सुट्टी नव्हती. शेवटी म्हणाला, "उधाणाची."

"म्हणजे?"

"माल कच्चा होता. उधाण उतरल्यावर ओतायला हवा होता. वरून घाई झाली, मी नाही म्हटलं नाही. ओतला तेव्हाच मला कळत होतं."

"कळत होतं," थोरली म्हणाली. "आणि सकाळी ढब्बू बोलला तेव्हा तुम्ही 'बघतो' म्हणालात. तुमच्या भावाच्या बायकोला लॉरीत घालायला निघालात. मी वाईट आहे, मला माहीत आहे. मी तिच्यावर जळते, लहानपणी पण सगळ्यांवर जळायचे, माझा स्वभाव आहे तो. तुमचं काय? तुम्हाला तर ती आवडते, भली वाटते. तरी लॉरीत घातली असतीत."

मुकादमानं मान खाली घातली. अशा वेळी मान खाली घालणं पुरुषांना फार छान जमतं.

ढब्बूनं पुन्हा धीर केला. "ते ठीक आहे, वहिनी. पण पोरं नाही ऐकायची. तिच्या छायेत काम म्हणजे—"

"ढब्बू, सकाळी चहा प्यालास?"

"प्यालो की."

"कसा होता?"

"तुमच्या हातचा चहा, त्याला काय—"

"माझ्या हातचा नाही. एक दिवस नाही. पहिली फळी लागली तेव्हापासून सगळा चहा हिच्या हातचा. मी नुसती उंबरठ्यावरून उचलून आणते आणि तुमचं कौतुक झेलते. एवढे महिने तिच्या हातचं पोटात घेऊन तुम्ही माल ओतलात, सळया बांधल्यात, बाकीची सगळी भिंत उभी केलीत. ती उभी आहे. तुमच्या पोटाला ती चालते आणि सिमेंटला चालत नाही? सिमेंट तुमच्यापेक्षा सोवळं आहे का?"

गँगमधला एकजण हसला. हसू आवरायला गेला आणि दुसराही हसला. ढब्बूनं आपल्या पोटावर हात ठेवला, जणू ते तिथून काही सांगेल.

हसली नाही ती म्हातारी. ती दाराला धरून उभी होती आणि तिचा चेहरा रागानं काळवंडला होता.

"म्हणजे सगळं खोटं?" ती म्हणाली. "मग माझे ते महिने? मी त्या खोलीत काढलेले? ते मला कोण परत देणार? हिला सुटका, आणि मला कुणी म्हटलं नाही, ये बाहेर म्हणून."

म्हातारीही जळतच होती, एका सुनेच्या उजेडावर. त्या घरात मत्सराला तोटा नव्हता. फक्त आज एकीनं त्याचा अंगरखा उतरवून त्याला चारचौघांत उघडं केलं होतं, म्हणून त्याचं तोंड दिसलं.

लॉरी खडी उतरवून रिकामीच परत गेली.

थोरली मागच्या खोलीत आली तेव्हा धाकटी ट्रंकेवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चल, ऊठ. गेली लॉरी."

धाकटीनं म्हातारीचं दाभण पुढे केलं. "ताई, गोणपाट तुम्ही शिवलंत. तुम्हीच उसवा."

"मीच?"

"तुम्हीच."

दुहेरी टाके उसवायला वेळ लागतो. थोरलीची बोटं सोलली आणि ती सगळा वेळ कुरकुरत होती, की एवढे बारीक टाके कुणी सांगितले होते घालायला. धाकटीनं मदत केली नाही. बसून बघत राहिली.

गँगमधले दोघे दुसऱ्या कामावर निघून गेले. सावलीत काम करणार नाही म्हणाले. जाऊ देत. ढब्बू राहिला. लोक म्हणतात, चहासाठी राहिला. कारण काही असो, राहिला हे खरं. मुकादमानं वर कळवलं की उधाण उतरल्याशिवाय माल पडणार नाही. वरून बोलणी आली, ती त्यानं खाल्ली.

पुन्हा माल ओतला तो भर दुपारी. दोघी जावा खाली आल्या आणि ओल्या भिंतीशी उभ्या राहिल्या. किटली धाकटीच्या हातात होती. तीच चहा देत होती, आणि आज चहाला नावही तिचंच होतं. थोरली आपली लाल शाल घेऊन उभी होती. फळ्यांमधल्या राखाडी मालावर दोघींच्या सावल्या पडल्या. थोरलीनं बघितलं, तर धाकटीची सावलीसुद्धा सडपातळ. तिच्या पोटात पुन्हा दुखलं. अशी दुखणी एका दिवसात बरी होत नाहीत. पण ती हलली नाही, आणि तिनं धाकटीलाही हलू दिलं नाही.

भिंत धरली. पुढचं उधाण आलं, आपटलं आणि गेलं.

पहिलं इंजिन चालत्या माणसाच्या वेगानं वळणावरून गेलं तेव्हा सगळे खाली जमले होते. म्हातारी नव्हती. ती मागच्या खोलीत, उघड्या खिडकीशी सकाळपासून बसली होती. मुलगी तिला बोलवायला गेली तर ती जागची उठेना. "इथून वळण दिसतं," ती म्हणाली. "त्या कामानंतर या खिडकीशी मी आलेच नाही कधी. इतकं जवळ आहे. मला माहीतच नव्हतं." फडताळातल्या बश्या वाजत होत्या, आणि त्या दिवशी त्या सगळ्यांना ऐकू आल्या.

आता वाचणाऱ्या बायांनो, एवढं करा. हातातली ही वर्तमानपत्राची पुरवणी घडी करून ठेवायच्या आधी आपल्या घरातून एक चक्कर मारून या. गोणपाट लावलेली खिडकी सापडेल. गोणपाट नसेल तर आणखी काही असेल, देव्हाऱ्याजवळ येऊ नकोस असेल, कार्याच्या दिवशी आतच बस असेल. टाके बघा. हात कुणाचा आहे ते तुम्हाला ओळखू येईल. शिवताना मनात भिंतीची काळजी होती की दुसरंच काही, ते मला सांगू नका. दाभण घ्या आणि उसवा.